सही सृष्टीची, वॉर्ड मालिनी सिस्टरांचा

मालिनी गायधनी हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. त्यांना कुठला पुरस्कार मिळाला नाही की वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला नाही. नाशिकमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डात, त्या सतरा वर्षं इन्चार्ज सिस्टर होत्या, एवढीच त्यांची कीर्ती. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या, गुडघा धरून जिना चढणाऱ्या. आवाज मात्र असा, की त्यांनी औषधांच्या खोलीतून हाक मारली तर तळमजल्यावरचा वॉचमन उठून उभा राहायचा.

त्या हॉस्पिटलात नर्सेस टिकत नसत. हल्ली या मुलींना मागणी फार. सहा महिने झाले, हात बसला, की निघाली पोरगी पुण्याला नाहीतर दुबईला. ऑफिसात यावर मीटिंगा व्हायच्या. मीटिंगांतून असं निघालं, की मुलींच्या वाढदिवसाला केक कापावा आणि दर महिन्याला एकीचा फोटो ‘उत्कृष्ट परिचारिका’ म्हणून लिफ्टजवळ लावावा. मुलींनी केक खाल्ले, फोटो काढून घेतले आणि राजीनामे दिले. मालिनी सिस्टरांच्या वॉर्डात केकही नव्हता आणि फोटोही नव्हता. तिथून ज्या गेल्या त्या लग्नामुळे गाव बदललं म्हणून, नाहीतर सरकारी ऑर्डर हातात पडली म्हणून. रागावून किंवा रडून एकही गेली नाही.

हे कसं घडत होतं, ते केक कापणाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. सृष्टी गतीरला ते कळलं, कारण ती त्या वॉर्डातून जवळजवळ गेलीच होती.

सृष्टी घोटीकडची. बाप बहिरू आणि आई कुसाबाई, दोघांचा जन्म भाताच्या चिखलात गेला. घराण्यात पहिली पांढरा ड्रेस घालणारी पोर ती. नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स तिने नाशिकला केला, पहिल्या वर्गात पास झाली आणि कामाला लागली. पण चार वर्षांत हे तिचं तिसरं हॉस्पिटल होतं. घरी गेली की बहिरू म्हणायचा, “अगं, सालगडी सुदिक एका मालकाकडं वरीसभर टिकतो. तू तं त्याच्यापल्याड गेली.” सृष्टी हसून वेळ मारून न्यायची. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

खरं कारण तिच्या पहिल्या नोकरीत होतं. तिथल्या इन्चार्ज बाई चुकलेल्या मुलीला भर वॉर्डात, पेशंट आणि नातेवाइकांच्या देखत उभी करायच्या आणि आईबापाचा उद्धार करायच्या. सृष्टीच्या हातून एकदा सलाईन अर्धा तास उशिरा लागलं, तेव्हा तिला वीस माणसांसमोर “शेतातून उठून आलीस, तिथेच बरी होतीस” हे ऐकावं लागलं होतं. त्या दिवशी एका जुन्या नर्सने तिला बाजूला घेऊन धंद्याचं गुपित सांगितलं. चूक झाली की आधी कागद नीट करायचा, पेशंटचं नंतर बघायचं. कागद नीट असेल तर कुणी आपलं वाकडं करू शकत नाही. सृष्टी नाकासमोर चालणारी मुलगी, पण हा धडा तिने पाठ केला. दुसरा धडा तिने स्वतःच घेतला, की कुठल्या वॉर्डात जीव गुंतवायचा नाही. बॅग भरलेली असावी, कुणी डोळे वटारले की निघावं.

मालिनी सिस्टरांच्या वॉर्डात तिला सात महिने झाले होते. तिथे तिला कुणी डोळे वटारले नव्हते. तरी हायवेवर नवं मोठं हॉस्पिटल उघडतंय म्हटल्यावर तिने सवयीने अर्ज टाकला आणि तिकडून होकारही आला. एक तारखेला हजर व्हायचं होतं. राजीनामा लिहून, घडी घालून तिने पर्समध्ये ठेवला आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सकाळच्या ड्यूटीला आली. दुपारी दोनला ड्यूटी संपली की सिस्टरांच्या टेबलावर ठेवायचा, असं तिने ठरवलं होतं.

त्या सोमवारी तिच्याकडे सहा खाटा होत्या. चौथ्या खाटेवर निफाडच्या रंगूबाई. वय बासष्ट, घरची द्राक्षबाग, पायाला जखम आणि रक्तात साखर. जखम भरत नव्हती म्हणून दहा दिवसांपासून त्या दाखल होत्या. सकाळी आठला सृष्टीने त्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांनी नाश्त्याचं ताट आलं, त्यात उपमा होता. सृष्टी शेजारच्या खाटेवर ड्रेसिंग करत होती. पाऊण तासाने येऊन बघते तर ताट लख्ख रिकामं. तिने चार्टवर ‘नाश्ता घेतला’ या रकान्यात बरोबरची खूण केली, खाली सही केली आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

आता इन्सुलिनचं असं आहे, की ते दिलं आणि माणूस जेवला नाही तर रक्तातली साखर धाडकन खाली येते. हे नर्सला सांगावं लागत नाही. पण नर्सला जे सांगायला हवं होतं ते रंगूबाईंनी सांगितलं नव्हतं. त्यांचा श्रावणी सोमवार होता. कडक, संध्याकाळी सोडायचा. लग्न झाल्यापासून एक सोमवार त्यांनी चुकवला नव्हता. डॉक्टरांना सांगितलं तर ते ओरडतील, म्हणून त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. ताट आलं तेव्हा पहाटेची गाडी धरून आलेली त्यांची सून उशाशी बसली होती. रंगूबाईंनी पडदा ओढला आणि उपमा तिला खायला लावला. सासूचा शब्द सून कशी मोडणार? तिने तो मुकाट्याने संपवला.

सव्वादहाला सून घाबरून ओरडली. रंगूबाईंना दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते आणि त्या घरच्या म्हशीला हाका मारत होत्या. सृष्टी धावली. बोटाला सुई टोचून साखर बघितली तर बेचाळीस. तिच्या पाचावर धारण बसली. पण हात शिकलेले होते. तिने डॉक्टरांना हाक मारली, शीर सापडली, साखरेचं सलाईन गेलं. दहा मिनिटांत रंगूबाईंनी डोळे नीट उघडले आणि “म्हस सुटली होती ना गं?” असं सुनेला विचारलं. सून रडायला लागली आणि रडता रडता तिने उपम्याचं सगळं सांगून टाकलं.

सृष्टी नर्सिंग स्टेशनवर आली. समोर चार्ट होता. ‘नाश्ता घेतला’, त्यापुढे तिची खूण आणि तिची सही. जवळपास कोणी नव्हतं. त्या खुणेचं फुलीत रूपांतर करायला एक रेघ पुरली असती. पुढे ‘पेशंटने नकार दिला, समजावून सांगितले’ एवढं लिहिलं की कागद नीट. तिने पेन उघडलंसुद्धा.

“सृष्टी.”

मालिनी सिस्टर मागे उभ्या होत्या. त्यांनी पेनाकडे पाहिलं, चार्टकडे पाहिलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या, कारण उभं राहून त्यांना फार वेळ बोलता येत नसे, गुडघे दुखत.

“रंगूबाई आता बऱ्या आहेत. मी बघून आले,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच सांग, तुला काय दिसलं होतं?”

सृष्टीने या प्रश्नाची तयारी केलेली नव्हती. ‘कुणी केलं’, ‘का केलं’, ‘लक्ष कुठे होतं’ या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे चार वर्षं तयार होती. काय दिसलं होतं, याला खरं सोडून दुसरं उत्तर नव्हतं.

“ताट रिकामं दिसलं सिस्टर,” ती म्हणाली. “खाताना नाही पाहिलं. तरी मी खूण केली.”

“बरं,” मालिनी सिस्टर म्हणाल्या. “पेन मिटव. आता मी सांगते ते ऐक. आज मीही उपाशी आहे.”

सृष्टीला काही कळेना.

“अगं, माझाही सोमवार आहे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावरचं उपाध्येपण. घरात चहाच्या आधी पंचांग उघडतं. सकाळी निघताना यांनी मला आठवण करून दिली, ‘आज तिसरा सोमवार, पित्ताच्या गोळ्या बरोबर ने.’ मी गोळ्या घेऊन आले. आणि माझ्या वॉर्डात पाच बायका साखरेच्या, त्यांतल्या कुणाचा उपास आहे हे विचारायचं मला सुचलं नाही. तू घोटीची, मी पंचवटीची. सोमवार काय असतो हे आपल्याला काय दिल्लीहून कळायला हवं होतं?”

सृष्टीला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. सिस्टरांनी तिला दोन मिनिटं रडू दिलं. मग म्हणाल्या, “चल. रंगूबाईंचा मुलगा खाली आलाय. त्याला हे तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. मी शेजारी उभी आहे.”

रंगूबाईंचा मुलगा दीपक. निफाडहून मोटारसायकल मारत आलेला, डोक्यात राग घेऊन. “मी हिथं आईला बरं करायला आणलीय का मारायला?” तो जिन्यातूनच बोलत आला. सृष्टीने सांगितलं. मान वर करून सांगणं जमलं नाही, पण सांगितलं, की मी त्यांना खाताना पाहिलं नव्हतं, तरी खाल्लं असं लिहिलं, ही माझी चूक. मालिनी सिस्टर शेजारी होत्या. त्या मध्ये बोलल्या नाहीत, पण तिच्यापासून हलल्याही नाहीत.

भांडायला आलेल्या माणसाला समोरून कबुली मिळाली की त्याची पंचाईत होते. त्यात उपमा आपल्याच बायकोने खाल्ला हे कळल्यावर राग कुठे ठेवावा हेही दीपकला समजेना. शेवटी तो म्हणाला, “तक्रार तं मी देणार. आज माझी आई वाचली, उद्या दुसऱ्याची नाय वाचायची. पण या पोरीचं नाव नाय टाकत त्यात. वॉर्डाच्या नावानं देतो.”

“वॉर्डाच्याच नावाने द्या,” मालिनी सिस्टर म्हणाल्या. “कागद मी देते.”

रंगूबाईंचं दुःख मात्र वेगळंच होतं. त्यांनी सिस्टरांचा हात धरला आणि विचारलं, “बाई, सुईतून साखर गेली. माझा सोमवार मोडला का हो?” दुसरी एखादी असती तर ‘आजी, गप्प पडा’ म्हणून मोकळी झाली असती. मालिनी सिस्टरांनी तिथेच उभं राहून घरी फोन लावला आणि नवऱ्याला, उपेंद्र गुरुजींना, विचारलं. पलीकडून उत्तर आलं ते त्यांनी मोठ्याने सांगितलं, “गुरुजी म्हणतात, आजारी माणसाला उपास लागतच नाही. जो लागलाच नाही तो मोडेल कसा?” रंगूबाईंना हे पटलं. सिस्टरांनी जेवणाच्या खोलीतून गरम वरणभात मागवला आणि त्यांचे चार घास पोटात जाईपर्यंत त्या खाटेजवळून हलल्या नाहीत. त्यांचा स्वतःचा उपास चालूच होता.

दुपारी साडेतीनला ऑफिसातून बोलावणं आलं. प्रशासकीय अधिकारी आल्हाद साहेब हा पुण्याहून शिकून आलेला तरुण माणूस. केकची कल्पना त्याचीच. वाईट नव्हता, पण भांडणाला फार घाबरायचा. सृष्टीला दाराशी उभी ठेवून तो मालिनी सिस्टरांना म्हणाला, “सिस्टर, सरळ आहे हो. नोंद हिची, सही हिची. हिच्याकडून माफीनामा घेऊ आणि आजच हिला मोकळी करू. नातेवाइकांना सांगता येईल की आम्ही कारवाई केली. तुम्ही कशाला मध्ये पडता?”

“मी मध्ये पडत नाही, मी मध्येच आहे,” मालिनी सिस्टर म्हणाल्या. “सही तिची आहे, पण वॉर्ड माझा आहे.”

मग त्यांनी पिशवीतून लिहून आणलेला अहवाल टेबलावर ठेवला. त्यात आडपडदा काही नव्हता. परिचारिका सृष्टी गतीर यांनी न पाहता नोंद केली, विचारल्यावर ते लगेच मान्य केलं, नातेवाइकांनाही सांगितलं. उपासाच्या दिवशी साखरेच्या पेशंटकडे चौकशी करायची पद्धत वॉर्डात नव्हती. ती लावणं इन्चार्जचं काम, ते इन्चार्जने केलं नाही. खाली मालिनी गायधनी अशी पूर्ण सही.

आल्हाद साहेबांनी तो दोनदा वाचला. “सिस्टर, हे असं लिहिलंत तर डाग तुमच्या नावावर लागेल.”

“लागू दे. साहेब, हिला तुम्ही काढू शकता, तो तुमचा अधिकार आहे. पण हिने खरं सांगितलं आणि संध्याकाळी हिची नोकरी गेली, हे वर पोचायला पाच मिनिटं लागणार नाहीत. उद्यापासून माझ्या वॉर्डात कुणी खरं लिहिणार नाही. सगळी ताटं रिकामी, सगळे पेशंट जेवलेले, सगळे कागद सुंदर. आणि एक दिवस सुंदर कागद हातात घेऊन आपण पोलिसांसमोर उभे असू.”

सृष्टी दाराशी उभी राहून ऐकत होती. आपल्यासाठी कोणी असं बोलेल, आणि तेही आपली चूक न झाकता, हे तिला कधी शक्य वाटलं नव्हतं. शेवटी आल्हाद साहेबांनी दोघींच्या नावे लेखी ताकीद दिली आणि विषय मिटवला.

सृष्टी त्या दिवशी साडेचारला हॉस्पिटलातून बाहेर पडली. राजीनामा पर्समध्येच राहिला. द्यायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात दोन गोष्टी सुरू झाल्या. सकाळी एका पाळीच्या मुली दुसऱ्या पाळीला खाटेगणिक पेशंटची माहिती देतात, त्याला नर्सेस ‘ओव्हर’ म्हणतात. त्या ओव्हरमध्ये आता उपासही विचारला जाऊ लागला. चतुर्थी, एकादशी, रमजानचे रोजे, सगळं. आणि साखरेच्या बाईच्या नाश्त्यापुढे खूण करायची ती तिचे पहिले घास डोळ्यांनी बघून. “ताट नाही बघायचं, घास बघायचा,” असं मालिनी सिस्टरांनी सगळ्यांना बजावलं. हे सांगताना त्यांनी सृष्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. चूक कुणाची होती हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं, पण त्यावरून तिला कुणी टोमणा मारला नाही.

दहाबारा दिवस गेले. महिना संपत आला आणि एक बातमी वर आली. हॉस्पिटलच्या मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, दिवाळीत निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी मालिनी गायधनींचं नाव जवळजवळ नक्की होतं, अनुभवाने आणि वयानेही. ते पद दुसऱ्याच वॉर्डच्या इन्चार्जला मिळालं. फरशी पुसता पुसता वॉर्डातल्या मावशींनी सृष्टीला कारण सांगितलं, “अगं, ताकीद हाय ना फायलीत. त्या उपम्यानं खाल्लं बघ सिस्टरांचं पद.”

सृष्टीला दिवसभर काही सुचलं नाही. ड्यूटी संपल्यावर ती सिस्टरांच्या छोट्या खोलीत गेली. त्या पेन्सिल घेऊन पुढच्या महिन्याची ड्यूटी लिस्ट आखत होत्या. कोणाची सकाळ, कोणाची दुपार, कोणाची रात्र. सृष्टी तशीच उभी राहिली आणि एका दमात बोलली, “सिस्टर, माझ्यामुळे तुमचं मेट्रनपद गेलं. आणि मी तुम्हाला एक सांगितलेलं नाही. मी नोकरी सोडणार होते. त्याच दिवशी.”

“ठाऊक आहे मला,” मालिनी सिस्टर वर न बघता म्हणाल्या.

“काय?”

“तुझ्या नव्या हॉस्पिटलातून फोन आला होता मला, श्रावण लागला त्या आठवड्यात. मुलगी कशी आहे, विचारत होते. मी म्हटलं, हात हलका आहे, पळते, पेशंटशी नीट बोलते. घ्या.” त्यांनी पेन्सिलीचं टोक बघितलं. “म्हणून बघ, या लिस्टमध्ये मी तुझी ओळ कोरी ठेवली.”

सृष्टीने हिशेब लावला. म्हणजे त्या सोमवारी, अहवाल लिहिताना, ऑफिसात आल्हाद साहेबांसमोर उभ्या राहताना, ही मुलगी पंधरा दिवसांत आपल्याला सोडून जाणार हे या बाईंना पक्कं माहीत होतं.

“जाणारीसाठी कुणी एवढं करतं का सिस्टर?” तिच्या तोंडून निघालं. “मला काढू दिलं असतं तर तुमचं काय बिघडलं असतं? मी तर जाणारच होते.”

आता मालिनी सिस्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. “अगं, इथून तू चोरासारखी गेली असतीस तर तिथेही कागदच सांभाळत बसली असतीस. त्या हॉस्पिटलातसुद्धा खाटेवर कुणाची तरी आईच असणार ना?”

सृष्टी रडली. या वेळी शरमेने नाही. घोटीच्या घरी बापाने कोर्सच्या फीसाठी बैल विकले होते तेव्हा ती अशी रडली होती. कोणीतरी आपल्यासाठी स्वतःचं काही सोडतं, आणि मोबदला मागत नाही, त्याचं ओझं आणि सुख दोन्ही एकदम अंगावर येतं.

“मी नाही जात,” ती म्हणाली. “मी तुमच्याजवळच राहते.”

तिला वाटलं सिस्टर खूश होतील. त्यांनी उलट कपाळाला आठ्या घातल्या. “माझ्याजवळ म्हणजे कुठे? माझी अकरा महिने नोकरी राहिलीय. मी गेल्यावर इथे नवी इन्चार्ज येणार. मग तू तिच्यात खोट काढत बसणार आणि माझ्या आठवणीने उसासे टाकणार. तसलं काही मला नको. माझ्यासाठी राहायचं असेल तर खुशाल जा, मी पेढे देईन. दुसरं काही कारण असेल तर उद्या सांग.”

सृष्टी रात्रभर विचार करत राहिली. नव्या हॉस्पिटलचं चकचकीत पत्र तिने दोनदा वाचलं. सिस्टर नसतील तर या जुन्या इमारतीत आहे तरी काय? दर पावसाळ्यात ओल धरणारी भिंत, बंद पडणारी लिफ्ट. उत्तर सापडलं नाही. तशीच ती सकाळी ड्यूटीवर आली.

ओव्हर सुरू होती. रात्रपाळी संपवणारी स्वानंदी वॉर्डातली सगळ्यात नवी मुलगी, लागून दोन महिनेही झाले नव्हते. पहिली खाट झाली, दुसरी झाली. तिसऱ्या खाटेजवळ ती थांबली आणि पाच जणींसमोर म्हणाली, “इथे माझी चूक झाली. रात्री दहाची गोळी मी साडेअकराला दिली. विसरले होते. आठवल्यावर दिली, डॉक्टरांना सांगितलं, वेळ खरी लिहिली आहे.” तिचा आवाज कापला नाही. आजूबाजूच्या एकीनेही भुवई उंचावली नाही. त्या दिवशी मालिनी सिस्टर तिथे नव्हत्याच, गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. ओव्हर घेणाऱ्या सीनियर मुलीने नाडी बघितली, नोंद वाचली, “ठीक आहे. आजपासून दहाच्या गोळ्या रात्रपाळीच्या दोघींनी मिळून तपासायच्या,” म्हणाली आणि सगळ्या चौथ्या खाटेकडे गेल्या.

सृष्टी क्षणभर तिसऱ्या खाटेपाशीच उभी राहिली. दोन महिन्यांची पोर, सिस्टर समोर नाहीत, आणि तरी तिला खोटं लिहावंसं वाटलं नव्हतं. सृष्टीला पहिल्या नोकरीतली ती वीस माणसं आठवली. तिथे असं बोलायची कुणाची छाती झाली असती?

अकराच्या सुमाराला मालिनी सिस्टर गुडघ्याला पट्टा बांधून आल्या. सृष्टी त्यांच्या खोलीच्या दारात गेली.

“सिस्टर, सांगते. तुमच्यासाठी नाही राहत.”

“मग?”

“इथे खरं बोलता येतं, तुम्ही नसतानाही. आज बघितलं मी. म्हणून राहते.”

मालिनी सिस्टरांनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. ज्या बाईने मेट्रनपद गेल्याचं ऐकून चहाचा दुसरा कप मागवला होता, तिचे डोळे सृष्टीने पहिल्यांदा भरलेले पाहिले.

“सतरा वर्षं लागली गं,” त्या हळूच म्हणाल्या. “मला वाटायचं, माझ्यामागे हे टिकायचं नाही.”

त्यांनी चष्मा पुन्हा लावला, ड्यूटी लिस्ट पुढे ओढली, कोऱ्या ओळीत सृष्टीचं नाव लिहिलं आणि तिला पहिल्याच आठवड्याची नाईट लावली.